अधारीचे पाणी

(सदर : वेशीवरून)

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की तीन प्रश्न ठरलेले असतात. मूळचे कुठले, कंपनी कोणती आणि राहता कुठे. पहिल्या दोन उत्तरांनी कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तिसऱ्याला मात्र आम्ही "बार्बार" म्हटले की समोरच्या वहिनी हातातला चहाचा कप खाली ठेवतात. "अगं बाई, इतक्या लांब? मग भाजीबिजी, पोरांची शाळा, सगळं कसं जमवता?"

इतक्या लांब म्हणजे किती, तर बाब अल बहारीनपासून बारा किलोमीटरच्या आसपास. डोंबिवली ते बोरीबंदर हे अंतर 48 किलोमीटर आहे आणि डोंबिवलीचा माणूस स्वतःला मुंबईकरच समजतो. पण बहारीनला आले की आपल्या माणसाचा अंतराचा हिशेब बदलतो. सबंध देश दक्षिणोत्तर 50 किलोमीटरच्या आसपास, रुंदीला फार तर 18. क्षेत्रफळ साधारण 780 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडेसेच मोठे. एवढ्याशा देशात बारा किलोमीटर म्हणजे परगाव झाले. शिवाय गुदैबियात आणि हूऱ्यात राहणाऱ्यांना सगळे पायाखाली आहे : वाण्याचे दुकान, खानावळ, देऊळ, डॉक्टर आणि मुख्य म्हणजे आपली माणसे. तेव्हा वहिनींचे चुकत नाही. आम्हीही मनामात बरीच वर्षे काढली आहेत आणि खालच्या दुकानातून कोथिंबीर टोपलीने वर ओढून घेण्याचे सुख आम्हाला ठाऊक आहे.

तरी गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळींपैकी बरीच कुटुंबे बुदय्या रस्त्याच्या बाजूला, हमद टाऊनला, आलीला सरकू लागली आहेत. भाडे परवडते, गच्ची मिळते, गाडी दारात लागते. त्यांतल्या दोघा-तिघांनी फोन करून "तिकडे राहणे कसे काय?" असे विचारले, म्हणून या वेळचे सदर गावातल्या राहण्यावर.

आधी व्यवहाराचे उरकून घेऊ. गावात राहायचे तर घरात दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे. 2015 साली नवी लाल बससेवा सुरू झाल्यापासून बुदय्या रस्त्यावरून मनामाला जायची सोय बरी झाली आहे, पण गल्लीतून रस्त्यापर्यंत चालत जायचे असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता ते दहा मिनिटांचे चालणे म्हणजे चेष्टा नव्हे. ज्या घरात लायसन एकालाच आहे, तिथे दुसरे माणूस पहिले सहा महिने भिंतींशी बोलते. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही. गावात आलेली दोन कुटुंबे याच कारणाने परत मनामात गेली. बाकी दूध, अंडी, पाव यांची चिंता नको. प्रत्येक गल्लीला एक कोल्ड स्टोअर असते आणि गल्ल्याच्या मागे बहुधा केरळचा माणूस, ज्याला आपल्यापेक्षा बरे हिंदी येते. सकाळी भट्टीवरचे गरम खुबूस मिळते. खोबरेल, कढीपत्ता, शेंगदाणे यांच्यासाठी महिन्यातून एकदा मनामाच्या बाजाराची फेरी पुरते.

आता खरी गोष्ट. बार्बार, दिराज, बनी जमरा, जनुसान, करबाबाद ही सगळी गावे म्हणजे उत्तरेचा जुना बागायती पट्टा. हे गाव मनामाला इतके चिकटले आहे की नवीन माणसाला कुठे शहर संपले आणि कुठे गाव लागले ते समजत नाही. मॉल, पेट्रोल पंप, पुन्हा मॉल. पण हमरस्ता सोडून आत वळले की रस्ता एकदम अंग चोरतो. दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींवरून डोकावणारी खजुराची झाडे आणि कोपऱ्यावर बाकावर बसलेले चार म्हातारे. बोलीही बदलते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे बारा किलोमीटर पुरतात. मुहर्रकच्या माणसाचे अरबी आणि बार्बारच्या माणसाचे अरबी यांत फरक आहे हे आम्हाला अरबी न येताही सहा महिन्यांत कळू लागले.

आणि मग एकेक शब्द ओळखीचा निघू लागला. आलू म्हणजे बटाटा, बिजली म्हणजे हातातली बॅटरी, सीदा म्हणजे सरळ, जूती म्हणजे बूट. आंब्याला हंबा. कोल्ड स्टोअरमध्ये शेजारचा पोरगा शंभर फिल्सचे नाणे आपटतो आणि म्हणतो "रुबिया". पोरगा बारा वर्षांचा. त्याच्या बापानेही रुपया चलनात पाहिलेला नसेल. 1965 साली इथे दिनार आला तो दहा रुपयांना एक या भावाने, त्यामुळे दिनाराचा दहावा भाग तो रुपया. हिशेब बरोबर आहे. आपला रुपया या बाजारातून जाऊन साठ वर्षे झाली, पण नाव मागे ठेवून गेला.

बुदय्याच्या सरकारी बागेत हिवाळ्यात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मंडळातल्या सुगरणींनी एकदा तरी तिथे चक्कर टाकावी. आमच्या घरात पहिल्या फेरीला मोठा गहजब झाला. एका गाड्यावर लालसर देठांची, जाडसर पानांची एक जुडी होती. विकणारा म्हणाला, "बरबीर." आम्ही पाहतो तर घोळ! पावसाळ्यात परसात उगवते, आजी डाळ घालून पातळ भाजी करायची, ती घोळ. मुंबई सोडल्यापासून पाहिली नव्हती. पलीकडे कोवळ्या मुळ्याचा पाला होता, त्याला इथे जेवणाबरोबर कच्चाच खातात. जित नावाची एक हिरवी वैरण मिळते, ती आपली लसूणघास. झाडावरचे देशी बदाम, ज्यांचा वरचा गर खाऊन बी फोडायची, त्यांना लोझ म्हणतात आणि ते टोपलीत मांडून विकतात. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर पडलेले असायचे, फुकट. कनार म्हणजे बोरे. राझकी म्हणजे मोगरा. आणि मशमूम नावाची तुळशीच्या जातीची एक सुवासिक जुडी असते, ती इथल्या बायका केसांत माळतात. आमच्या घरच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, पहिल्या आठवड्यातच एक जुडी आणून दिली. आम्ही ती देवापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, केसांत का नाही घातली? काय सांगायचे ते सुचेना, तेव्हा "देवाला दिली" म्हणून सांगितले. त्या खूश झाल्या. दुसरी जुडी आणून दिली, ही तुला म्हणून.

या घरात आम्हाला आमच्या नावाने कुणी हाक मारत नाही. थोरल्या मुलाच्या नावापुढे "उम्म" लावून बोलावतात, म्हणजे अमक्याची आई, आणि "अबू" लावून अमक्याचे बाबा. आमच्या आईला गावात सगळे "बंड्याची आई"च म्हणायचे, तिचे खरे नाव आम्हाला शाळेचा फॉर्म भरताना कळले. रमजानच्या मध्यावर गर्गाऊनची रात्र येते. मुले झोळ्या गळ्यात घालून दारोदार गाणी म्हणत हिंडतात आणि दाणे, अक्रोड, गोळ्या गोळा करतात. आमची धाकटी त्यांच्यात मिसळून गेली ती दोन तासांनी झोळी भरून आली. "आई, भोंडल्यासारखंच आहे, फक्त खिरापत ओळखायची नसते." मुहर्रममध्ये गावभर काळे झेंडे लागतात. मातममधून दुपारी भाताचे मोठे ताट येते, आम्ही कोण, कुठले हे न विचारता. आपल्याकडे ताबुतांपुढे नाचणाऱ्या, नवस बोलणाऱ्या हिंदू घरांच्या आठवणी ज्यांना आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की गावात नुसते नंदनवन आहे. तसे नाही, आणि ते का नाही याची गोष्ट पाण्याची आहे.

बहारीनमध्ये एक जुनी म्हण आहे : अधारी लांबच्याला पाजते आणि जवळच्याला सोडून देते. अधारी हा मनामाच्या नैर्ऋत्येला असलेला एक मोठा झरा. देशातल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांतला सर्वांत नावाजलेला. त्याचे पाणी पाटांनी उताराउताराने दूरच्या बागांना जायचे आणि शेजारची जमीन कोरडी राहायची. आज ही म्हण माणसांबद्दल वापरतात. जगाला मदत करतो आणि घरच्यांना विचारत नाही, असा माणूस म्हणजे अधारी. आपल्याकडे "घरचं झालं थोडं" वगैरे म्हणतात त्याच्या जवळपासचे, पण तंतोतंत तसे नाही. इथे दोष पाण्याचा नाही, उताराचा आहे.

हे झरे कुठून येत होते? बहारीनमध्ये पाऊस नावापुरता. पण पूर्व सौदीतल्या खडकांत मुरलेले पाणी समुद्राच्या तळाखालून वाहत इकडे येते आणि इथे आले की स्वतःच्या दाबाने वर उसळते. काही झरे तर समुद्रातच फुटत. मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून कातडी पिशवीत खाऱ्या समुद्राच्या तळाचे गोडे पाणी भरून आणत. देशाच्या नावाचा अर्थ "दोन समुद्र", आणि त्यातला एक गोडा आणि एक खारा असे कित्येक जण सांगतात. त्या पाण्यावर हजारो वर्षे हा उत्तर पट्टा पिकला. "दहा लाख खजुरांचा देश" असे याला म्हणत. आमच्या घरापासून चालत गेले तर बार्बारचे प्राचीन देऊळ लागते. 1954 साली डेन्मार्कच्या संशोधकांना ते सापडले. एकावर एक अशी तीन देवळे, सर्वांत जुने सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचे. तिथे पायऱ्या उतरून जायचे एक चौकोनी दगडी कुंड आहे, झऱ्यावर बांधलेले. गोड्या पाण्याच्या देवाची पूजा इथे चालत असावी असे तज्ज्ञ म्हणतात. आम्ही ते पाहिले तेव्हा आम्हाला थेट आपल्याकडची बारव आठवली. पायऱ्या आहेत, दगड आहे, सावली आहे. पाणी नाही.

पाणी कसे गेले ते थोडक्यात सांगता येते. 1925 पासून इथे यंत्राने खोल विहिरी पाडायला सुरुवात झाली. पुढे तेल निघाले, ते 1932 साली, आणि शहर वाढू लागले. जे पाणी आपण होऊन वर येत होते ते पंपाने ओढले जाऊ लागले. दाब उतरला, झरे मंदावले आणि एकामागून एक आटले. त्याहून वाईट म्हणजे गोडे पाणी उपसून जी जागा रिकामी होते तिथे खारे पाणी शिरते, समुद्राचे किंवा खालच्या थरातले. मग विहीर असते, पाणीही असते, पण ते झाडाला घालता येत नाही. अधारीही आटला. पुढे तिथे पाळण्यांची मोठी बाग झाली. आज नळाला येणारे बरेचसे पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले आहे. सित्रा, हिद्द, अद् दूर इथल्या कारखान्यांतून ते येते. तहान भागते. खजुराच्या बागेला ते परवडत नाही.

आम्हाला हे सगळे ऐकून धक्का बसला नाही, कारण आम्हा दोघांपैकी एकाचे लहानपण वसईत गेले आहे. वसई म्हणजे मुंबईची परसबाग. केळीच्या, पानवेलीच्या वाड्या, पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या फुलांच्या टोपल्या, उन्हात वाळवलेली सुकेळी. प्रत्येक वाडीत विहीर आणि विहिरीवर रहाट, आणि वाड्यांच्या मध्ये बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी तळी. बावखलाने पाणी जिरवायचे आणि रहाटाने उपसायचे, असा मेळ होता. रहाटाला एक मर्यादा होती : बैल थकत असे. इंजिन आले, ते थकेना. मग टँकर आले. वसईच्या विहिरींचे गोडे पाणी दिवस-रात्र टँकरने बाहेर जाऊ लागले, वाढत्या वस्त्यांकडे आणि बांधकामांकडे, आणि समुद्राकडच्या गावांतल्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. बावखले बुजली, त्यांच्यावर इमारती आल्या. 1980 च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली ती याच कारणाने. दिब्रिटो पुढे 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 साली गेले. त्यांचे नाव साहित्यासाठी घेतात, पण वसईत ते अजून पाण्यासाठीही घेतात.

आणि शहापूरचे काय सांगावे! तानसाचे धरण 1892 सालचे. भातसा नंतरचे, आणि एकट्या भातसातून मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी जाते. ही दोन्ही पाणी साठवतात शहापूर तालुक्यात. आणि दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी असते : शहापूरच्या पाड्यांना टँकर. धरणाच्या काठावरची बाई हंडा घेऊन डोंगर उतरते आणि तिच्या डोळ्यांदेखत जाणाऱ्या जलवाहिनीतले पाणी मलबार हिलच्या टाकीत पडते. बहारीनच्या म्हाताऱ्यांना हे सांगितले तर ते एकच शब्द म्हणतील. अधारी.

हे सगळे आम्ही आमच्या घरमालकांशी बोलतो. गावात त्यांना सगळे हाजी म्हणतात, आम्हीही म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते मनामाच्या बाजारात हिंदी व्यापाऱ्याकडे कामाला होते, त्यामुळे हिंदी झकास. आमच्या गच्चीवरून खाली त्यांची बाग दिसते. दीडशे-एक खजुरे, मध्ये दोन-चार लिंबे, कडेला देशी बदाम आणि बांगलादेशी माळ्याने लावलेले मुळ्याचे वाफे. माघ-फाल्गुनाच्या सुमारास माळी कंबरेला दोर टाकून एकेका झाडावर चढतो आणि नर झाडाचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात बांधतो. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. वाऱ्यावर सोडले तर पीक येत नाही. सगळे हाताने करावे लागते. उन्हाळ्यात रुतब येते. रुतब म्हणजे धड कच्चे नाही, धड वाळलेले नाही असे मऊ खजूर. आपण मुंबईत पिवळट पाकिटातला खजूर खाऊन मोठे झालेले लोक. आम्हाला हे फळ ताजे असते हेच पन्नाशीच्या आसपास कळले. खुनेझी लाल असतो, खलास सोनेरी. हाजींच्या मते खलास पाहुण्यांना द्यायचा आणि खुनेझी स्वतः खायचा.

एका संध्याकाळी हाजींनी आम्हाला बागेची हद्द दाखवली. काठीने दाखवत म्हणाले, ती मशिदीची भिंत तिथपर्यंत वडिलांची बाग होती. पाट तिथून यायचा, प्रत्येकाची पाळी ठरलेली, रात्रीची पाळी असली तर कंदील घेऊन बसायचे. मग काठी वळवून आमच्या घराकडे केली. तिथे लिंबे होती, म्हणाले. गोड लिंबे. आमची बैठकीची खोली जिथे आहे तिथे.

आम्ही काही बोललो नाही. भाडेकरूने काय बोलायचे? घर 2004 साली उठले, आम्ही त्यात 2013 साली आलो. पण तेव्हापासून आम्ही "गावात राहतो" हे जरा जपून म्हणतो. गावात राहायला येणाऱ्यांची घरे गावाच्या बागेवरच उभी राहतात. दुसरी जागा आहे कुठे? शहराला पसरायला जमीन लागते, आणि जमीन बागवाल्याकडे असते, ज्याचे पाणी शहराने आधीच नेलेले असते. पाणी गेल्यावर बाग तोट्यात आणि तोट्यातली बाग विकायला निघते. हाजी याबद्दल कुणाला दोष देत नाहीत. त्यांचे म्हणणे साधे आहे. भाऊ पाच, त्यांची मुले अठरा. वाटण्या केल्या तर एकेकाला आठ झाडे येतात. आठ झाडांचे करायचे काय? मुले बँकेत आहेत, रिफायनरीत आहेत, एक मुलगी डॉक्टर आहे. त्यांना घरे हवीत. आमच्या कोकणात गेलेल्या वाचकांना हे गणित समजावून सांगायला नको. सामाईक सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आणि फणस उतरवायला माणूस नाही.

मागच्या महिन्यात बागेत मोजणीवाले आले. झाडांच्या मधून दोऱ्या टाकल्या, लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकल्या. आठ प्लॉट पडतील. आमच्या घरच्या धाकटीने त्यातल्या दोन खुंट्या उपटून आणल्या. आम्ही तिला परत ठोकून यायला लावले, कारण खुंट्या उपटून बाग राहत नाही आणि हाजींना उगाच दुसऱ्यांदा मोजणीचे पैसे पडले असते. ते कळल्यावर हाजी बराच वेळ हसले. मग म्हणाले, माझ्या नातवंडांपैकी एकाला तरी हे सुचायला हवे होते.

आता मंडळाबद्दल दोन शब्द, अध्यक्षांनी रागावू नये. आपले कार्यक्रम सगळे मनामात होतात. गणपती, कोजागरी, संक्रांत, मुलांचा मराठीचा वर्ग. हॉल तिथे, बहुतेक माणसे तिथे, ते बरोबरच आहे. पण मराठीच्या वर्गाला बुदय्या रस्त्याकडची मुले पहिल्या वर्षी सहा होती, गेल्या वर्षी तीन आणि यंदा एक, ते आमचे. बाकीच्यांच्या आयांना विचारले तर त्या म्हणतात, शुक्रवारी सकाळी गाडी मोकळी नसते, नेणार कोण? वर्गणी मात्र सगळ्यांची पोहोचते. ही म्हण आम्ही वर एकदा सांगितली आहे, पुन्हा सांगत नाही. आमची सूचना एवढीच की पंधरवड्यातून एकदा वर्ग इकडे भरवावा. आमची बैठकीची खोली आहे. बारा मुले मांडी घालून आरामात बसतात, आम्ही मोजून पाहिले आहे. शिकवायला आमच्यापैकी एकजण तयार आहे, बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तके घरात आहेत. फळा तेवढा मंडळाने द्यावा. ज्या आयांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी हमद टाऊन आणि सार इथून मुलांना आणण्याची पाळी लावता येईल. आठवड्याला एक घर, असे चार घरांचे चक्र. पूर्वी पाटाच्या पाण्याची लावत तशी. नावे कार्यकारिणीकडे द्यावीत म्हणजे पुढच्या अंकात वेळापत्रक छापता येईल.

आणि हाजींचा निरोप. प्लॉटचे कागद व्हायला वेळ आहे, आणि यंदाचे रुतब उतरेपर्यंत एकाही झाडाला हात लावू देणार नाही असे त्यांनी भावांना सांगितले आहे. मंडळाच्या मंडळींनी मुलांना घेऊन यावे, हवे तेवढे खावे, झाडावर चढणारा माणूस पाहावा. जुलैच्या पहिल्या आणि दुसऱ्या शुक्रवारी या. सकाळी सहाच्या आत, नंतर ऊन उभे राहू देत नाही. गाडी मशिदीच्या भिंतीशी लावा, गल्लीत वळवायला जागा नाही. डोक्याला टोपी, पायात बूट. खजुराच्या झावळीचा काटा चपलेतून आत जातो. पिशवी आपापली आणा, कापडी असेल तर बरे, प्लॅस्टिकमध्ये रुतब तासाभरात आंबते.